उजव्या हाताची नखं

धम्मानंद नरवाडेच्या डाव्या हाताची नखं मुळापासून कापलेली आणि उजव्या हाताची तांदळाच्या दाण्याएवढी वाढलेली असत, हे नांदेडात त्याच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वडील ज्ञानोबा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांनी घरी आलेल्या पाहुण्याला पोराची ओळख करून देण्याची एक पद्धत ठरवून टाकली होती. "हा आमचा धाकला. ह्याचा एक हात माणसाचा हाय आन एक अस्वलाचा."

नखं गिटारीसाठी होती. नायलॉनच्या तारा नुसत्या बोटाच्या मांसानं छेडल्या की आवाज गादीवर काठी मारल्यासारखा येतो, नखानं छेडल्या की तो उजळतो. त्यामुळे धम्मानंद उजव्या हाताला जपत असे, इतका की तेवढं कुणी बाळंतिणीलाही जपत नाही. भाकरी डाव्या हातानं मोडायची, रिक्षाचा दांडा डाव्या हातानं धरायचा, हार्डवेअरच्या दुकानातून सगळ्यात बारीक पॉलिश पेपर आणून रोज पहाटे चारी नखं घासायची. एकदा अनामिकेचं नख तुटलं, तर गड्यानं टेबल टेनिसचा चेंडू कापून त्याचा तुकडा फेविक्विकनं चिकटवला आणि त्याच संध्याकाळी हदगावात जाऊन लग्नात वाजवून आला. त्याच्या थोरल्या भावानं एवढी मेहनत शिक्षक भरतीसाठी घेतली होती आणि तो लागला होता, हे ज्ञानोबा अधूनमधून बोलून दाखवत.

गिटारही साधी नव्हती. क्रॉसओव्हर होती. तारा क्लासिकलच्या नायलॉनच्या, मान इलेक्ट्रिकसारखी अरुंद, पोट चपटं, आणि पोटात पिकअप बसवलेला, म्हणजे वायर थेट स्पीकरला लावली की ढोलकीच्या शेजारी बसूनही ऐकू येणार. आणली त्या दिवशी त्यानं हे सगळं बापाला समजावून सांगितलं. ही ना धड क्लासिकल, ना धड इलेक्ट्रिक, दोन्हीच्या मधली.

"म्हंजे खेचर म्हण की," ज्ञानोबा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

पण त्या खेचरावर धम्मानंद जे वाजवायचा, ते नांदेड जिल्ह्यात दुसरं कुणी वाजवत नव्हतं. पंधरा वर्षं तो जयंतीच्या स्टेजवर भीमगीतांना साथ करत आला होता, रात्र-रात्र कव्वालीच्या मुकाबल्यात बसला होता, लग्नात, गॅदरिंगमध्ये, निरोप समारंभात जे म्हणाल ते वाजवत होता. मोबाइलवर बघून बघून स्पेनचं फ्लेमेंको शिकला, ब्राझीलचं बोसा नोव्हा शिकला, थोडंफार जॅझ उचललं. मग एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की स्पेनवाले चार बोटं उलगडून तारांवर जी झपकन सोडतात, ती आपल्या कव्वालीच्या टाळीच्या बरोब्बर अंगानं जातात. तेव्हापासून तो एकात दुसरं घुसवायला लागला. त्यात त्याला जो आनंद व्हायचा, तो सांगायला त्याला माणूस मिळत नव्हतं. लोक जेवत असायचे.

बरं, वय छत्तीस. धर्माबादला मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीच्या मामाची नजर चहाच्या कपाभोवतीच्या त्या नखांवर पडली. "पाव्हणं, तुम्ही गंडेदोरे-बिंडेदोरे करता काय? आपल्यात असलं चालत न्हाई." गिटारीसाठी आहेत म्हणून सांगितलं, तर मामांनी पुढचं विचारलं, "बरं, मग पर्मनंट हाय का?" गिटार पर्मनंट नसते. ज्ञानोबा परतीच्या एसटीत खिडकीतून बाहेर बघत बसले. घरात थोरला पर्मनंट, सून पर्मनंट, लेक तहसीलला पर्मनंट. धाकल्याला लोक 'गिटारवाला' म्हणायचे, आणि त्या 'वाला'चा बापाला फार त्रास व्हायचा. खरं सांगायचं तर धम्मानंदलाही व्हायचा.

तर अशा या माणसाला नांदेडातल्या एका डॉक्टरच्या लग्नात मल्लिनाथ बिराजदार भेटले. लातूरच्या शिखरवेध अकॅडमीचे हे संचालक. पांढरा सफारी, कपाळाला विभूती, खिशाला तीन पेनं. नवरदेव त्यांचा माजी विद्यार्थी, म्हणून ते आशीर्वाद द्यायला आलेले. पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी तासभर गिटार ऐकली, हात धुतला आणि सरळ स्टेजपाशी आले.

"सर," ते म्हणाले, "आपल्याला किती स्टाइल येतात?"

धम्मानंदला जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं. त्यानं आधी मागं वळून बघितलं. मग खरं उत्तर द्यायचं तर, दीड स्टाइल नीट येते आणि बाकीच्यांत लुडबूड करतो, असं द्यायला हवं होतं. पण समोरचा माणूस सर म्हणत होता.

"बारा," धम्मानंद म्हणाला.

बिराजदारांनी मान डोलावली. "बारा स्टाइल, बारा आठवडे. छान बसतंय."

काय बसतंय ते धम्मानंदला लातूरला गेल्यावर कळलं. शिखरवेधमध्ये दोन हजार पोरं मेडिकलची तयारी करत होती. सकाळी सहाला सुरू, रात्री दहाला बंद, रविवारी टेस्ट. आदल्या वर्षी पालकांची तक्रार आली की पोरांना ताण फार येतो. बिराजदार तक्रार मनावर घेणारे गृहस्थ. त्यांनी ताणाचा अभ्यास केला आणि तो काढून टाकण्यासाठी वेळापत्रकात जागा केली, बुधवारी चार दहा ते चार पन्नास. तासाला नाव दिलं 'ताणमुक्ती'. माध्यम गिटार.

"बॅचचा रिझल्ट नव्वदच्या वर आला की तुम्ही पर्मनंट," बिराजदार म्हणाले. "आपल्याकडं शब्द म्हणजे शब्द."

केबिनच्या दारावर पाटी आधीच लागली होती, 'धम्मानंद सर (ताणमुक्ती)'. त्यानं पाटीचा फोटो काढून बापाला पाठवला. ज्ञानोबांनी आयुष्यात पहिल्यांदा धाकल्याच्या मेसेजला अंगठ्याचा लाइक दिला.

पहिल्या बुधवारी हॉलमध्ये दोनशे दहा पोरं बसली होती. धम्मानंदनं वायर लावली आणि बोसा नोव्हा सुरू केलं. अंगठा खाली सावकाश चालतोय, वर बोटं जरा मागून येतायत. पाचेक मिनिटांनी त्याला राहवलं नाही, त्यानं मधेच कव्वालीची टाळी घुसवली आणि परत ब्राझीलच्या समुद्रावर येऊन टेकला. हॉल शांत होता. त्याला वाटलं, देवाशप्पथ, ही पोरं ऐकतायत. मग तो नखांवर बोलला. उजव्या हाताची वाढवायची, डाव्या हाताची कापायची, कारण डावा हात तारा दाबतो आणि उजवा बोलतो. चाळीस मिनिटं कशी गेली त्याला कळलं नाही.

शेवटी त्यानं विचारलं, कुणाला काही विचारायचंय का. चार हात वर झाले.

"सर, हे किती मार्काला हाय?"

बाकीच्या तिघांचाही तोच प्रश्न होता.

आठवड्याच्या आत पालकांचे फोन सुरू झाले. ताणमुक्तीच्या नोट्स मिळाल्या नाहीत. ताणमुक्तीचा सिलॅबस कुठाय. ताणमुक्तीत आमचं पोरगं मागं पडलं तर जबाबदार कोण. बिराजदारांनी धम्मानंदला बोलावून घेतलं आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढं सरकवला. एका स्टाइलला एक पान. उगम, देश, ताल, मूड, वैशिष्ट्यं, पाच ओळींत.

"सर, पण वाजवणं?" धम्मानंदनं विचारलं. "दोनशे दहा पोरं हायत. निदान वीस गिटारी तरी..."

"प्रॅक्टिकल म्हणताय तुम्ही," बिराजदार समजुतीनं म्हणाले. "बघा सर, बारावीला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल असतं की नाही? तीसपैकी तीस सगळ्यांना पडतात. कुणी परीक्षानळीला हात लावलेला असतो का? तसंच आहे हे. प्रॅक्टिकलचे पैकीच्या पैकी देऊन टाकायचे. मुलाला मागं ओढते ती थिअरी."

मग गिटारीला तरी रोज कशाला बाहेर काढायचं, असंही निघालं. पोरं हात लावतील, तार तुटेल. रिसेप्शनला टॉपर्सच्या ट्रॉफ्यांचं काचेचं कपाट होतं, त्यात मधल्या खणात खेचर उभं राहिलं. खाली चिठ्ठी, 'क्रॉसओव्हर गिटार (१२ स्टाइल)'. किल्ली बिराजदारांकडं. पालक येता-जाता काचेतून बघत आणि सुविधा चांगल्या आहेत म्हणत. धम्मानंदला हे खटकलं नाही असं नाही. पण दिवसातून पन्नास वेळा 'सर, सर' ऐकू येत होतं, आणि ते कानाला गोड लागत होतं. माणूस असा हळूहळूच विकला जातो, त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही.

नखांचं मात्र एका सोमवारी झालं.

शिखरवेधमध्ये दर सोमवारी सकाळी गेटवर नखं तपासत. ओळीनं उभं राहायचं, दोन्ही हात पालथे पुढं, वाढलेली दिसली की जागेवर नेलकटर. बिराजदारांचा शिस्तीवर फार जीव. त्या सोमवारी ते स्वतः गेटवर होते आणि धम्मानंद मस्टरवर सही करत होता.

"सर, हे काय?" त्यांची नजर पेन धरलेल्या बोटांवर होती. "शिक्षकानंच असं केल्यावर मुलांनी काय करायचं?"

"सर, ती गिटारीसाठी असतात. पहिल्या तासाला सांगितलं होतं म्या पोरांना."

"तेच म्हणतोय. पालकांचे दोन फोन आले मला." बिराजदारांचा आवाज अगदी मऊ होता. "आणि गिटार तर कपाटात आहे आता. बघा, तुमच्यावर आहे. पर्मनंटचं मी नुसतं बोललो होतो, लेखी अजून व्हायचंय."

मागं पोरांची रांग बघत होती. धम्मानंदनं नेलकटर घेतलं. आधी अनामिका, मग मधलं, मग तर्जनी, शेवटी अंगठा. अठरा वर्षांत ही नखं त्यानं कापली नव्हती, फक्त घासली होती. कट कट असा आवाज झाला. तुकडे त्यानं मुठीत धरले, कारण जमिनीवर टाकवेनात, आणि केबिनमध्ये जाऊन पेनाच्या डबीत ठेवले. त्याला रडू येईलसं वाटलं, पण पहिला तास सुरू व्हायचा होता आणि त्याला बारा पानांच्या झेरॉक्स काढायच्या होत्या. त्यानंतर दर सोमवारी तोही रांगेत हात पुढं करू लागला.

ताणमुक्तीचा पहिला पेपर झाला. शंभर मार्क, पर्याय चार, चुकीला उणे गुण. नमुना म्हणून एकच प्रश्न सांगतो. 'बोसा नोव्हाचा मूड कोणता? अ) उदास, ब) आनंदी, क) निवांत, ड) वरीलपैकी एकही नाही.' पेपरच्या आदल्या रात्री होस्टेलची पोरं दोन वाजेपर्यंत जमैकाचं रॅगे पाठ करत होती. दोघांना उलट्या झाल्या. पंधरा दिवसांत शेजारच्या गल्लीत बोर्ड लागला, 'ताणमुक्तीचे खास क्लास, कमकुवत विद्यार्थ्यांकडं वैयक्तिक लक्ष'. तिथं शिकवणारा गडी बॉटनीचा होता.

शिस्त सगळ्यांना सारखी म्हणून शिक्षकांनाही पेपर सोडवावा लागे. धम्मानंदला एकाहत्तर पडले. बोसा नोव्हाचा मूड त्यानं विचार करून लिहिला होता, तिथंच फसला.

"सिली मिस्टेक करता तुम्ही, सर," बिराजदार म्हणाले. "तुमच्याच नोट्स आहेत, जरा वाचत जा." आणि धम्मानंद स्वतःच्या नोट्स पाठ करायला लागला. तिसऱ्या पेपरला त्याला चौऱ्याण्णव पडले, आणि लाजेची गोष्ट ही की त्याला बरं वाटलं.

बॅचमध्ये पैकीच्या पैकी घेणारी एकच होती, औशाची सुकन्या. आणि सगळ्यात कमी मार्काची आरती, देगलूरची, रिपीटर. तिला अडतीस. तिच्यामुळं सरासरी खाली येत होती म्हणून धम्मानंदनं तिला केबिनमध्ये बोलावलं.

"आरती, बाकीच्यांना जमतं, तुलाच काय होऊन राहिलंय?"

"सर, प्रश्नातच गडबड हाय. पहिल्या दिवशी तुम्ही वाजवलं ते बोसा नोव्हा म्हणालात. पर त्याच्यात मधीच कव्वाली आली होती. आमच्या गल्लीत दर्ग्याला असती तशी, टाळीची. मंग त्येचा देश कुठला लिहायचा?"

धम्मानंद इतकी वर्षं ज्याच्यासाठी माणूस शोधत होता, ते या पोरीनं एकदा ऐकून पकडलं होतं. उठून तिला सगळं सांगावं, कपाट फोडून गिटार आणावी, असं त्याला वाटलं. पण पर्मनंटला तीन आठवडे उरले होते.

"जे नोट्समध्ये हाय ते लिही," तो म्हणाला. "ब्राझील."

"बरं सर," आरती म्हणाली आणि गेली. शेवटच्या पेपरला तिनं सगळं नोट्सप्रमाणं लिहिलं. बॅचचा रिझल्ट सत्त्याण्णव टक्के लागला.

निकालाचा कार्यक्रम दसऱ्याच्या आदल्या शनिवारी झाला. रविवारच्या टेस्टांमुळं धम्मानंद जूनपासून घरी गेला नव्हता, म्हणून ज्ञानोबाच नांदेडहून एसटीनं आले, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात रेक्झिनची फाइल घेऊन. नेमणुकीचा कागद दुमडू नये म्हणून ती आणली होती. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. कुणीतरी "धम्मानंद सरांचे वडील" म्हणालं, तेव्हा त्यांनी उगाचच रुमालानं तोंड पुसलं.

स्टेजवर शाल, श्रीफळ, बुके यांची फेरी झाली. सुकन्याला ट्रॉफी मिळाली. माइक हातात आल्यावर तिनं डोळे मिटले आणि बारा स्टाइल एका दमात म्हणून दाखवल्या. "फ्लेमेंको, उगम स्पेन, मूड तीव्र, वैशिष्ट्य बोटांची उघडझाप. बोसा नोव्हा, उगम ब्राझील, मूड उदास..." पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सुकन्याची आई डोळे पुसत होती.

टाळ्या थांबल्यावर ज्ञानोबा जागेवर उभे राहिले. त्यांना वाटलं, आता खरा कार्यक्रम सुरू होणार.

"लई छान, बाळा," ते मोठ्यानं म्हणाले. "आता वाजव की जरा."

सुकन्यानं बिराजदारांकडं बघितलं. "आजोबा, ते सिलॅबसमध्ये नव्हतं."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही, कारण कुणाला त्यात हसण्यासारखं दिसलं नाही. ज्ञानोबा मात्र उभेच राहिले. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, काम न होता खुर्चीत परत बसायची त्यांना सवय होती, पण आज पोराचा दिवस होता. बिराजदारांनी वेळ सावरली. धम्मानंदच्या हाती नेमणूकपत्र दिलं, फोटो काढला आणि खिशातून किल्ली काढली. "आता आपले पर्मनंट सर आपल्याला बारा स्टाइलची झलक देतील. पाच मिनिटांत घ्या, सर."

खेचर कपाटातून बाहेर आलं. तारांवर धूळ होती, सूर उतरले होते. धम्मानंदनं सूर लावले, वायर जोडली आणि फ्लेमेंकोनं सुरुवात केली. चार बोटं उलगडून सोडली. झपकन काही झालंच नाही. मऊ बोटं तारांवरून घसरली आणि स्पीकरमधून धप धप असा आवाज आला. तो जॅझकडं वळला, धप धप. बोसा नोव्हाकडं आला, तिथंही तेच. बाराच्या बारा स्टाइल एकसारख्या येत होत्या, झोपेत बोलणाऱ्या माणसासारख्या. पळून जावं असं त्याला वाटलं, आणि पाचवं मिनिट संपेपर्यंत तो तसाच वाजवत राहिला.

संपलं, आणि हॉलनं सुकन्यापेक्षा मोठ्या टाळ्या दिल्या. बिराजदार उभे राहून वाजवत होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत एकालाही कळलं नव्हतं, आणि धम्मानंदला सगळ्यात जास्त तेच लागलं.

टाळ्या न वाजवणारे दोनच जण होते. मागच्या रांगेत आरती हात मांडीवर ठेवून बसली होती. आणि ज्ञानोबा फाइल काखेत मारून सरळ स्टेजवर चढून आले. त्यांनी पत्राकडं बघितलं नाही. पोराचा उजवा हात धरला, उलटा केला, बोटांची टोकं आपल्या अंगठ्यानं चाचपली.

"धम्मा," ते म्हणाले, "नखं कुठं गेली रे?"

माइक चालू होता. प्रश्न सगळ्या हॉलला ऐकू गेला.

"सोमवारी तपासतात, बाबा," धम्मानंद म्हणाला.

ज्ञानोबांनी हात सोडला नाही. अठरा वर्षं त्यांनी त्या नखांना शिव्या घातल्या होत्या, आणि अठरा वर्षं पहाटे पलीकडच्या खोलीतलं पॉलिश पेपरचं खसखस ऐकून ते उठत होते. जूनपासून त्यांना पहाटे जाग येत नव्हती, हे त्यांनी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आत्ताही सांगितलं नाही. त्यांनी पत्र घेऊन फाइलीत ठेवलं, "पर्मनंट हाय न्हवं, मग बास," एवढं म्हणाले आणि चारच्या गाडीनं नांदेडला निघून गेले. जेवायला थांबले नाहीत.

पत्र त्यांनी एसटीत वाचलं असावं, कारण संध्याकाळी फोन आला. "कलम सहा वाचलंस का?" धम्मानंदनं ऑफिसातली प्रत मागून घेऊन वाचली. 'कायम शिक्षकाकडे दर सोमवारी विद्यार्थ्यांच्या नखांच्या तपासणीचे काम राहील.'

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी धम्मानंद सर गेटवर उभे होते. गळ्यात ओळखपत्र, हातात नेलकटर. बिराजदार पायऱ्यांवर उभे राहून बघत होते. रांग पुढं सरकत होती, पालथे हात येत होते, जात होते. दोघा-तिघांची नखं त्यानं कापली. कट कट आवाज आला की तो नजर दुसरीकडं वळवायचा, पण सवय होईल असं त्यानं स्वतःला समजावलं. कशाचीही होते.

मग आरती आली. तिनं डावा हात पुढं केला आणि उजवा दप्तराच्या पट्ट्याखाली ठेवला.

"दोन्ही," धम्मानंद सवयीनं म्हणाला.

तिनं उजवा हात बाहेर काढला. चार बोटांना तांदळाच्या दाण्याएवढी नखं होती, कडा नीट घासलेल्या. धम्मानंदनं डाव्या हाताकडं बघितलं. डाव्या हाताची मुळापासून कापलेली होती, आणि बोटांच्या टोकांवर तारांचे लाल वळ होते.

"मामाची जुनी गिटार हाय, सर," ती हळूच म्हणाली. "टाळी येऊन नाही राहिली अजून. अंगठा मधी येतो."

पायऱ्यांवरून बिराजदारांचा आवाज आला. "काय झालं, सर? रांग का थांबली?"

धम्मानंदनं तिचा उजवा हात धरून परत दप्तराच्या पट्ट्याखाली नीट ठेवला.

"काही न्हाई, सर," तो मागं न बघता म्हणाला. "हिची नखं कापलेली हायत." मग रांगेकडं वळून त्यानं आवाज चढवला. "आजपासून फक्त डावा हात दाखवायचा. डावा. चला, पुढं."

रांग पुढं सरकली, आणि पायऱ्यांवरून बिराजदारांना तेवढंच बघायचं होतं. धम्मानंदनं नेलकटर डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात खिशात घातला. पुढच्या सोमवारी त्यानं तो बाहेर काढला नाही, त्याच्या पुढच्याही सोमवारी नाही.